रावणाचा जावई

बँकॉकच्या राजवाड्याचं दार सकाळी साडेआठला उघडतं आणि त्याआधीच बाहेरच्या गर्दीत मराठी कानावर यायला लागतं. ‘टोपी घाल रे’, ‘पासपोर्ट कुणाकडे आहेत?’, ‘ग्रुप सोडायचा नाही हं काका!’ थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला आणि २०२४ या एका वर्षात वीस लाखांहून जास्त भारतीय तिथे जाऊन आले. मुंबईहून विमान चार-साडेचार तासांत पोचतं. मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात उतरायला याहून जास्त वेळ लागतो.

या गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘हे तर आपलंच!’ राजवाड्याच्या देवळाबाहेर राक्षस उभे, सरकारी कागदांवर गरुड, ललित कला खात्याच्या बोधचिन्हात गणपती. परतीच्या वाटेवर विमानतळात शिरावं, तर तिथे देव-दानव वासुकीला ओढत समुद्र घुसळतायत. मग छाती थोडी फुगते. आपली संस्कृती कुठवर पोचली होती बघा, असं शेजारच्याला सांगून होतं. मला हे वाक्य आळशी वाटतं. समोरच्या मूर्तीला आपल्या देव्हाऱ्यातला पाट दिला, की पुढचं बघायची गरज उरत नाही. फोटो काढायचा आणि सरकायचं. या शहरात मजा सुरू होते ती मात्र त्याच्या पुढच्या पायरीवर, ओळखीचा देव अनोळखी वागायला लागला की.

हे माझ्या ध्यानात आलं ते सासूबाईंमुळे. आम्ही मे महिन्यात कुटुंबकबिल्यासह गेलो होतो. नवरा, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली थोरली, चौथीतला धाकटा आणि सासूबाई. त्या सांगलीच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. घरी श्रीधरांच्या ‘रामविजया’ची पोथी रोजच्या वाचनात, गुरुवारी जमेल तेव्हा नरसोबाची वाडी. नवऱ्याच्या मोबाइलवर त्या एका दिवसासाठी अकरा ठिकाणांची यादी होती, प्रत्येकापुढे वेळ आणि ‘पायी ७ मिनिटं’ अशा नोंदी. ज्यानं कुणी त्या नोंदी केल्या असतील, तो मे महिन्यात बँकॉकच्या फुटपाथवरून साडीतल्या बाईबरोबर चालला नसावा.

बँकॉकमध्ये रस्त्यानं फिरायचं म्हणजे सिग्नलला बसून मीटरकडे बघायचं. त्याऐवजी स्कायट्रेननं सफान ताक्सिन स्टेशन गाठलं, की जिना उतरून समोर साथोर्नचा धक्का. तिथून चाओ फ्राया नदीतून वर जाणाऱ्या बोटी सुटतात. पर्यटकांसाठी निळ्या झेंड्याची बोट असते, महाग आणि ऐसपैस. नारिंगी झेंड्याची बोट मात्र गावाची, कुठेही उतरा, १६ बाट. आम्ही नारिंगीत चढलो. ऑफिसला निघालेल्या बायका, शाळेच्या गणवेशातली मुलं, आणि मागच्या बाजूला भिक्खूंसाठी राखलेल्या जागेत भगव्यातले दोघे. बाईनं भिक्खूला स्पर्श करायचा नसतो, म्हणून आम्ही दोघी अंग चोरून उभ्या राहिलो.

बोटीच्या शेपटाशी दोरखंड घेऊन उभा असलेला माणूस सगळा वेळ शिट्टीनं बोलत होता. पुढे बसलेल्या चालकाला मागचा धक्का दिसत नाही. मागे घे, थांब, अजून थोडी आत, हे सगळं तो शिट्टीच्या लांब-आखूडपणावरून ओळखतो. धक्क्याच्या खुंटीला दोराचा वेढा पडतो न पडतो तोच माणसं उतरतात, चढतात आणि वेढा सुटतो. धाकट्यानं तीन धक्क्यांत ती भाषा उचलली आणि चौथ्यापासून तोंडानं शिट्ट्या मारायला लागला. दोरवाल्यानं एकदा मागे वळून बघितलं आणि त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या.

नदी रुंद, तपकिरी, जलपर्णीचे झुबके घेऊन वाहणारी. राजवाड्यासमोरचा हा पट्टा मुळात नदी नव्हताच. इथे नदीला मोठं वळण होतं. समुद्रातून तेव्हाच्या राजधानीकडे, अयुथ्याकडे जाणाऱ्या गलबतांचा फेरा वाचावा म्हणून सोळाव्या शतकात तिथल्या राजानं वळणाच्या गळ्यातून कालवा खणला. पाण्याला सरळ वाट आवडली. कालवा रुंदावत मुख्य नदी होऊन बसला आणि जुन्या वळणाचे बाजूचे कालवे उरले. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी अयुथ्या जाळल्यावर ताक्सिन राजानं याच पाण्याच्या पश्चिमेला, थोनबुरीला राजधानी केली. १७८२ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या चक्री राजानं ती पूर्व काठावर आणली. तिथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिला थोडं खाली सरकवून राजवाडा उभा राहिला, आणि सरकवलेल्या वस्तीचं पुढे चायनाटाउन झालं. डाव्या हाताला वाट अरुण या देवळाचं शिखर दिसलं, चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं. नवऱ्यानं लांबूनच फोटो काढला आणि यादीवर अर्धी खूण केली.

था चांगच्या धक्क्यावरून राजवाड्याकडे जाताना एका नीटनेटक्या गृहस्थांनी आम्हाला अडवलं. गळ्यात ओळखपत्र, तोंडात गोड इंग्रजी. आज राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, धार्मिक विधी आहे, तोवर माझी टुकटुक तुम्हाला मोठ्या बुद्धाकडे नेईल, फक्त वीस बाट. ही बँकॉकची जुनी युक्ती. ती टुकटुक वाटेत रत्नांच्या दुकानात थांबते आणि ग्राहक आणल्याबद्दल चालकाला तिथून काहीतरी मिळतं. सासूबाईंना इंग्रजी बेताचंच येतं, पण सदतीस वर्षं गृहपाठ न आणण्याची कारणं ऐकलेली. त्यांनी त्या गृहस्थांकडे चष्म्यावरून बघितलं, पलीकडे दारातून आत जाणाऱ्या शेकडो माणसांकडे बोट दाखवलं आणि मराठीतच म्हणाल्या, ‘मग ते कोण?’ गृहस्थ हसून बाजूला झाले.

दारावर मात्र नवरा अडकला. गुडघे दिसणारे कपडे तिथे चालत नाहीत आणि त्यानं थ्री-फोर्थ घातली होती. रस्त्यापलीकडच्या दुकानांचा सगळा धंदा अशा गुडघ्यांवर चालतो. ढगळ, नाडीची, हत्तींची नक्षी असलेली पायजमावजा पॅंट त्यानं विकत घेतली आणि उरलेला दिवस हत्ती घालून काढला. शहरभर तसे शेकडो हत्ती फिरत होते, त्यामुळे त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, घरच्यांखेरीज.

तिकीट परदेशी माणसाला ५०० बाट, थाई नागरिकांना फुकट. आत गेल्यावर सोन्याचा आणि काचेचा मारा इतका होतो, की डोळे मिटावेसे वाटतात. पन्न्याचा बुद्ध म्हणून जगभर ज्याचं नाव आहे, ती मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटरची आणि खरं तर जेडची. उंच मखरात ती इतकी वर बसवलीय, की खालून हिरवा ठिपका दिसावा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिला तीन पोशाख, आणि ऋतू बदलला की राजा स्वतः तो बदलतो. ‘ऋतूप्रमाणे पोशाख? म्हणजे पंढरीसारखंच की,’ सासूबाई म्हणाल्या आणि पाय मागे दुमडून, थाई बायकांचं बघून, खाली बसल्या. बुद्धाकडे पावलं करायची नसतात.

देवळाभोवती राक्षसांच्या जोड्या पहारा देतात. त्यांतला एक हिरवा, मुकुटाला तोंडांचे थर चढलेला. थोरलीनं फलक वाचला आणि ओरडली, ‘आजी, हा रावण! देवळाची राखण करतोय!’

‘रावण बाहेर, आत बुद्ध,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आणि राम कुठाय?’

राम भिंतीवर होता. देवळाच्या आवाराला चहू बाजूंनी छपराची ओवरी आहे आणि तिच्या भिंतीवर रामाकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलेलं आहे. उत्तरेच्या दारापासून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या वाटेनं चालायचं. बहुतेक लोक एका कोपऱ्यात दोन फोटो काढून सोन्याच्या स्तूपाकडे पळतात. सावली असल्यामुळे सासूबाईंनी ओवरी धरली आणि मग काही केल्या सोडेनात. जनकाला नांगरताना सीता सापडली. ‘बरोबर.’ धनुष्य मोडलं. ‘बरोबर.’ वही तपासावी तसं एकेक चित्र बरोबरच्या खुणेनं पुढे जात होतं. राम हिरवा आहे हे त्यांनी खपवून घेतलं. लक्ष्मण सोनेरी, हेही.

चित्रांच्या खालच्या कडेला राजेराण्यांच्या सोन्यापासून दूर, साधी माणसं आहेत. कुणी ओझं वाहतंय, कुणी कोंबडी धरतंय, एक जोडपं आडोशाला लगट करतंय. ही चित्रं पहिल्या राजाच्या काळात काढली गेली आणि त्यानंतर अनेकदा नव्यानं रंगवली गेली. शहराला १५० वर्षं झाली तेव्हा १९३२ मध्ये, आणि २०० झाली तेव्हा १९८२ मध्येही. दमट हवेत भिंत पाणी ओढते, रंग पोपडे धरतो आणि काम कधी संपत नाही. आम्ही गेलो तेव्हाही दोरी लावलेल्या एका भागात एक कारागीर बुटक्या स्टुलावर बसला होता. बोटभर लांबीचा कुंचला, टोकाला मोजून चार केस असावेत. एका वानराच्या बाजूबंदावर तो सोनं भरत होता. ठिपका टेकवायचा, मान मागे घ्यायची, श्वास सोडायचा, पुन्हा पुढे. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात बाजूबंदाचे तीन मणी भरले. धाकट्यानं विचारलं, ‘आई, सगळी भिंत व्हायला किती दिवस?’ तोवर तो चौथ्या मण्यावर गेला होता.

मग मारुतीराय आले आणि सासूबाईंची बरोबरची खूण अडखळली. इथला हनुमान पांढराशुभ्र, जांभई दिली की तोंडातून चंद्र-तारे बाहेर पडणारा. एका चित्रात तर तो रामाचा सगळा तळ रात्रीचा सुरक्षित राहावा म्हणून आपल्या तोंडात घेऊन बसलाय. इतपत ठीक. पण समुद्रावर सेतू बांधताना दगड नाहीसे व्हायला लागतात. हनुमान बुडी मारून बघतो, तर माशांची फौज दगड पळवतेय आणि तिच्या पुढे एक सोनेरी मत्स्यकन्या, सुवन्नमच्छा. तिच्याशी झटापट होते, झटापटीची लगट होते, आणि मग... थोरली मोबाइलवरची माहिती मोठ्यानं वाचता वाचता थांबली.

‘वाच की,’ सासूबाई म्हणाल्या.

‘आजी, त्यांचं प्रेम जमतं. मुलगा होतो त्यांना.’

तालमीतल्या शेंदूर चोपडलेल्या मारुतीसमोर ज्या गावात पोरं दंड-बैठका मारतात, जिथे समर्थांनी गावोगाव मारुती बसवले, तिथली ही बाई. त्या काही क्षण चित्राकडे बघत राहिल्या. ‘मुलाचं नाव काय?’

‘मच्छानू. अंग माकडाचं, शेपूट माशाचं. पाताळात मैयराप नावाच्या राक्षसाकडे वाढतो. तो राक्षस रामाला पळवून नेतो, हनुमान सोडवायला जातो, आणि दारात हाच मुलगा त्याला अडवतो.’

‘मकरध्वज!’ सासूबाई इतक्या जोरात म्हणाल्या, की पहारेकऱ्यानं वळून बघितलं. ‘अगं, ही तर महिरावणाची गोष्ट. कीर्तनात कितीदा ऐकलीय. लंका जाळून आल्यावर मारुतीनं समुद्रात अंग बुडवलं, घामाचा थेंब मगरीनं गिळला, त्यातून मकरध्वज झाला.’ आणि मग, थोडं थांबून, ‘ह्यांनी घामाचं काढून टाकलं.’

मला विचाराल तर या सहलीतलं सगळ्यांत मोलाचं काही मी ऐकलं असेल, तर ते हे. पाण्यातला मुलगा, पाताळाचं दार, बापाला न ओळखता बापाशी लढणं, हा सांगाडा दोन्हीकडे तोच. आपल्या कथेकऱ्याला ब्रह्मचर्य सांभाळायचं होतं, म्हणून त्यानं घामाच्या थेंबाची पळवाट शोधली. थाई कथेकऱ्यापुढे ती अडचणच नव्हती. त्याचा हनुमान शूर, खोडकर आणि बायकांच्या बाबतीत कच्चा. बिभीषणाची मुलगी बेन्याकाई सीतेच्या प्रेताचं सोंग घेऊन रामाला फसवायला येते. हनुमान ते ओळखतो, आणि मग तिच्यावरही भाळतो. सुवन्नमच्छेचं चित्र तर थायलंडात शुभ मानतात आणि धंदा चांगला व्हावा म्हणून दुकानात टांगतात.

राजवाड्याच्या तिकिटातच खोनचा एक छोटा प्रयोग येतो. साला चालेर्मक्रुंग नावाच्या थिएटरात, तिथवर फुकट गाडी. नवऱ्याच्या यादीत या वेळेला वाट फोचा निद्रिस्त बुद्ध होता, ४६ मीटर लांबीचा. पण धाकटा पायरीवर बसला होता तो उठेना, आणि थिएटर थंडगार आहे असं कळलं. १९३३ मध्ये, शहराच्या दीडशे वर्षांच्या निमित्तानं बांधलेलं हे थिएटर त्या काळी वातानुकूलित होतं. आम्ही कलेसाठी गेलो असं कुणी लिहू नये.

खोन म्हणजे मुखवट्यांचं नृत्यनाट्य. २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. राक्षस आणि वानर मुखवटे घालतात, त्यामुळे त्यांना बोलता येत नाही. संवाद आणि गाणं बाजूला बसलेली मंडळी म्हणतात, तोंड एकाचं, अंग दुसऱ्याचं. कपडे इतके घट्ट बसायला हवेत, की ते प्रयोगाआधी नर्तकाच्या अंगावरच शिवून टाकतात. बांबूच्या पट्ट्यांच्या वाद्याचा ठेका वाढत जातो, राक्षस गुडघे बाहेर फाकवून जमीन हादरवत येतो आणि वानरं कोलांट्या मारतात, मान खाजवतात, उवा शोधतात. त्या दिवशी हनुमान-सुवन्नमच्छेचा प्रवेश होता. ती पावलं न उचलता, हातांच्या लाटांवर रंगमंचभर सरकत होती. तो मागे मागे. ती हात झिडकारत होती, पण दर वेळी अर्धा क्षण उशिरा. माझ्या शेजारी सासूबाई पदर तोंडावर धरून हसत होत्या.

जेवायला थोडं शोधावं लागलं. मासळीचा खारवलेला रस, नाम प्ला, इथे मिठाच्या जागी पडतो, त्यामुळे भाजी दिसली म्हणजे शाकाहारी असं नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधायचं. चिनी बौद्ध वळणाचं हे जेवण, मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. ‘आमचा चातुर्मासच,’ म्हणत सासूबाईंनी टोफूची आमटी आणि भात मनापासून खाल्ला. वरून आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात. आंब्याबद्दल नवरा हापूसची बाजू घेऊन काही बोलणार होता, त्याला कुणी बोलू दिलं नाही.

धाकटा मात्र गप्प होता. चमच्यानं भाताची वाट करत त्यानं विचारलं, ‘ताई, ती मत्स्यकन्या कुणाची मुलगी?’

‘रावणाची. त्यानंच तिला सेतू मोडायला पाठवलेलं असतं.’

‘मग हनुमान रावणाचा जावई?’

टेबलावर शांतता. थोरलीनं हळूच भर घातली, की रामाकियेनमध्ये सीताही रावणाचीच मुलगी. जन्मताच बापाच्या नाशाचं भविष्य निघालं म्हणून तिला पाण्यात सोडलं, ती पुढे जनकाला मिळाली. नवऱ्यानं ताटातून मान वर केली. ‘थांब थांब. म्हणजे राम पण जावई. मग राम आणि हनुमान...’

‘साडू,’ सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना इतकं हसू आलं, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

सीता ही रावणाची लेक, ही कल्पना थाई लोकांनी उपटलेली नव्हे. जैन रामकथांत ती आहे, अद्भुत रामायणातही सीता मंदोदरीची. म्हणजे ‘हे तर आपलंच’ म्हणताना आपलं नेमकं कुठलं, हा पहिला प्रश्न. ए. के. रामानुजन यांनी रामायणाच्या अनेकपणावरच्या गाजलेल्या निबंधात थाई रामकथेचीही दखल घेतली होती. तो निबंध २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढला गेला. इकडे रामाकियेनची गोष्ट उलटी. अयुथ्या जळाली तेव्हा जुन्या संहिता बहुतांशी तिच्याबरोबर गेल्या. राज्य नव्यानं उभं करणाऱ्या पहिल्या राजानं १७९७ च्या सुमारास दरबारी कवींना घेऊन सगळी कथा पुन्हा लिहवली. ज्याच्याकडे राजधानी नवी, देऊळ नवं, त्याला रामायणही नवं हवं होतं. त्यात कंबोजी आणि जावाकडचे धागे आले, तमिळ आले, आणि थायलंडची नदी, भात, हत्ती तर आलेच. या राजांना आपण राम पहिला, राम दुसरा म्हणतो, तेही मोजणं नंतरचं. सहाव्या राजानं, वजिरावुधनं, विसाव्या शतकात ती पद्धत पाडली.

दुपारी ऊन खाली येईना. बामरुंग मुआंग रस्त्यावर दुकानांसमोर फुटपाथवर पुरुषभर उंचीचे सोनेरी बुद्ध प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओळीनं बसवलेले होते. बाजूला भिक्खूंना दान द्यायच्या नारिंगी बादल्या, आत साबण, टॉवेल, चहा, टूथपेस्ट. रस्त्याच्या टोकाला लाल सागवानी खांबांची प्रचंड चौकट, साओ चिंगचा, म्हणजे झोपाळा. वर्षातून एकदा शिव पृथ्वीवर येतो अशी समजूत. त्याच्या स्वागताला पोरं इथे उंच झोके घेत खांबावर टांगलेली नाण्यांची थैली दातांनी पकडायची. माणसं पडून मेली. १९३५ मध्ये झोके बंद झाले आणि चौकट राहिली. आताचे खांब २००७ चे. जवळच देवसथान आहे, १७८४ मध्ये पहिल्या राजानं दरबारी ब्राह्मणांसाठी बांधलेलं, शिव, गणपती आणि नारायणाच्या तीन साध्या पांढऱ्या वास्तू. इथले ब्राह्मण पांढरे कपडे घालतात, केसांचा अंबाडा बांधतात, राज्याभिषेक आणि मे महिन्यातली राजाची नांगरणी चालवतात. त्यांच्या मंत्रांत तमिळ शैव स्तोत्रांचे अवशेष आहेत. पिढ्यान् पिढ्या थाई बायकांशी लग्नं करून ते पूर्ण थाई झाले आहेत आणि बुद्धालाही मानतात. सासूबाईंनी गणपतीला बाहेरून नमस्कार केला आणि सावलीत बसल्या. देवसथान मला त्या दिवशी नुसतं बघून झालं. त्यासाठी पुन्हा जायला हवं.

फान फाच्या धक्क्यावरून सेन सेप कालव्याची बोट घेतली. हा कालवा १८३७ ते १८४० मध्ये कंबोडियाकडे फौजा नेण्यासाठी खणला. आता त्यावरून ऑफिसातले लोक घरी जातात. नदीची बोट सभ्य होती, ही नाही. पाणी काळं, वेग भलता. समोरून बोट आली, की काठावर बसलेले प्रवासी दोरी ओढून निळी ताडपत्री वर घेतात, पाणी फटकन आपटतं, ताडपत्री पुन्हा खाली. कंडक्टर बाई हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवर, जेमतेम टाच मावेल एवढ्या पट्टीवर चालत तिकिटं फाडत होत्या. पूल आला की छप्परच खाली बसतं आणि बाई वाकतात. नवऱ्याला दोरीशेजारची जागा मिळाली होती. त्यानं ती जबाबदारी इतकी गांभीर्यानं घेतली, की मोबाइल खिशात गेला आणि यादी तासभर विसरली गेली.

प्रतुनामला उतरून मॉलच्या कडेनं चालत गेलो. सेंट्रलवर्ल्डच्या समोरच्या चौकात एक त्रिमूर्ती आहे. तिच्यापुढे तरुण मुलामुलींची दाटी होती, प्रत्येकाच्या हातात लाल गुलाब, लाल मेणबत्त्या, उदबत्त्या. इथे प्रेमासाठी नवस बोलतात. जोडीदार मिळावा, मिळालेला टिकावा. यायचा दिवस गुरुवार, आणि खरी गर्दी रात्री साडेनऊला, देव तेव्हा खाली येतो म्हणे. त्या दिवशी गुरुवार होता.

‘त्रिमूर्ती, गुरुवार,’ सासूबाई म्हणाल्या. वाडीला औदुंबराखाली पादुकांसमोर लोक काय मागतात, ते त्यांना पाठ आहे. दुखणं, पिशाच्चबाधा, पोराची नोकरी. समोर एक मुलगी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, गुडघ्यांवर बसून डोळे मिटून पुटपुटत होती. नऊ गुलाब होते तिच्याकडे. सासूबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, ‘दत्तगुरूंना हे काम कुणी सांगितलं नव्हतं आमच्याकडे. सांगायला काय हरकत होती?’ थोरलीनं माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे.

पुढच्याच चौकात एरावानचा चतुर्मुख ब्रह्मदेव. आपल्याकडे पुष्करसारखं एखादं ठिकाण सोडलं तर ज्याची कुणी पूजा करत नाही, तो इथे शहरातल्या सगळ्यांत गजबजलेल्या नाक्यावर, स्कायट्रेनच्या पुलाखाली. १९५६ मध्ये इथे सरकारी हॉटेल बांधताना अपघात होत होते. ज्योतिषानं सांगितलं म्हणून मूर्ती बसवली. २००६ मध्ये एका मनोरुग्णानं ती हातोड्यानं फोडली आणि जमावानं त्याला तिथेच मारून टाकलं. १७ ऑगस्ट २०१५ ला इथेच बॉम्ब फुटला, वीस माणसं गेली. दोन दिवसांत ठाणं पुन्हा उघडलं. नवस फेडणारे पैसे भरतात, तितक्या नर्तकी मुकुट घालून त्यांच्यापाठीमागे नाचतात. सासूबाईंना एका थाई बाईंनी शिकवलं. चारही तोंडांना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, प्रत्येकापुढे तीन उदबत्त्या आणि एक माळ. हाताला धरून, शब्द न बोलता. चौथ्या तोंडापाशी दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला.

स्कायट्रेनमध्ये थंड वाऱ्यात बसल्यावर नवऱ्यानं मोबाइल काढला. अकरांतली सात राहिली होती. ‘उद्या सकाळी वाट फो, मग अरुण, मग फ्लोटिंग मार्केट...’

‘तुम्ही जा,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मला त्या ओवरीत सोड. एकशे अठ्ठ्याहत्तरातली तीस-पस्तीसच झाली. बेन्याकाईचं राहिलंय.’

‘आई, परत पाचशे बाट पडतील तुला.’

‘म्हणजे किती?’

‘तेराशे-चौदाशे रुपये.’

‘भरते मी,’ त्या म्हणाल्या. ‘पेन्शन काय रत्नांच्या दुकानात घालू?’